फ्रीजपुढचा पाट

मे महिन्यात पोरंबाळं आली की आमच्या शहापुरातल्या जुन्या कौलारू घराला जाग येते. यंदा चिरंजीव, सूनबाई आणि नातू असे तिघं पुण्याहून आठ दिवसांसाठी आले होते. पूर्वी पाहुणा आला की उंबऱ्यातच विचारायचा, "पाय धुवायला पाणी कुठं आहे?" आमच्या नातवानं पायातले बूटसुद्धा काढले नव्हते, तोवर विचारलं, "आजोबा, चार्जिंग कुठं करू?"

प्रश्न साधा, पण उत्तर अवघड. आमच्या घरात प्लगचे पॉइंट मोजून पाच. सोप्यात एक, तो टीव्हीचा. स्वयंपाकघरात दोन, एक मिक्सरला आणि एक फ्रीजला बांधलेला. न्हाणीच्या बाहेर एक, पाणी तापवायच्या हीटरचा. राहता राहिला माजघरातला. त्या एकावर आमचा सगळा प्रपंच. त्यात एक मल्टिप्लग, त्या मल्टिप्लगात दुसरा, त्यात एक्स्टेन्शनची वायर, अशी माजघरात मडक्यांची असावी तशी उतरंड उभी केलेली. वरून घरात आलेल्या प्रत्येक मोबाईलचा चार्जर निराळा. रात्री निजताना माजघरात पाय टाकायचा तर अंधारात वायरी ओलांडतच जायचं.

त्या सॉकेटची आणखी एक तऱ्हा. दहा-बारा वर्षांपूर्वी ते बदललं तेव्हा झडपवालं बसवलं. वरच्या मोठ्या भोकात पीन शिरल्याशिवाय खालच्या दोन भोकांवरची झडप उघडत नाही. आणि मोबाईलच्या चार्जरला तर दोनच पिना. मग आम्ही काय करायचं? देवघरातली विझलेली उदबत्तीची काडी आणायची, वरच्या भोकात खुपसायची, झडप उघडली की चार्जर आत ढकलायचा. घरोघरी हा उद्योग चालतो. कुणी काडेपेटीची काडी वापरतो, कुणी पेन. माझं त्या तिसऱ्या भोकाशी एवढंच नातं होतं. ते कशासाठी असतं हे शाळेत शिकलो असेन, पण व्यवहारात ते उदबत्तीच्या काडीसाठीच.

चिरंजिवांनी दुसऱ्याच दिवशी बॅगेतून एक डबी काढली. "बाबा, हे बघा. यूएसबीवालं सॉकेट. भिंतीतच चार्जर. नुसती केबल लावायची. तुमची ती उतरंड काढून टाकू."

वस्तू देखणी होती. पांढरी गुळगुळीत पट्टी, त्यात नेहमीचं सॉकेट, शेजारी बटण आणि त्या पलीकडं दोन बारीक खाचा, एक चौकोनी आणि एक लांबट गोल. लांबट ती टाइप-सी, हल्लीच्या बहुतेक मोबाईलना चालणारी. मला एकदम जुने दिवस आठवले. नोकियाची जाड पीन, मग नोकियाची बारीक पीन, सॅमसंगची वेगळी, सोनी एरिक्सनची त्याहून वेगळी. पाहुण्याकडं गेलं की "बारीक पिनेचा चार्जर आहे का हो?" असं दारोदार विचारायचं. ते आता संपलं. युरोपात तर २०२४ च्या डिसेंबरअखेरपासून नव्या मोबाईलना हीच टाइप-सीची खाच असली पाहिजे, असा कायदाच लागू झाला. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनंही २०२३ साली टाइप-सीचं मानक प्रसिद्ध केलं. वर मोबाईलच्या डब्यात चार्जर देणंही बऱ्याच कंपन्यांनी २०२० नंतर बंद केलं. तेव्हा भिंतीतला चार्जर ही चैन राहिलेली नाही, सोयच झाली आहे.

या यूएसबीचं मूळ शोधायला गेलं तर ते आपल्या ओळखीच्या गावाशी येतं. इंटेल कंपनीत ज्यांच्या पुढाकारानं ही जोडणी तयार झाली ते अजय भट्ट शिकले बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात. घरी प्रिंटर जोडताना होणाऱ्या कटकटीवरून आपल्याला ही कल्पना सुचली, असं ते मुलाखतींत सांगतात. संगणकाला कीबोर्डची एक पीन, माउसची दुसरी, प्रिंटरची तिसरी, हा गोंधळ मिटवून सगळ्यांना एकच खाच द्यायची एवढाच मूळ हेतू. सात कंपन्या एकत्र आल्या आणि १९९६ साली पहिलं मानक निघालं. त्या खाचेतून जोडलेल्या यंत्राला ५ व्होल्टची थोडीशी वीज मिळायची, फार तर अर्धा अँपिअर. ती माउसला चालायला दिलेली. पुढं लोकांनी तिच्यावर मोबाईल चार्ज करायला सुरुवात केली आणि सुनेनं येऊन घरच ताब्यात घ्यावं तसं चार्जिंग हेच तिचं मुख्य काम झालं. हे वाक्य मी सूनबाईंना वाचून दाखवलेलं नाही.

तर सॉकेट आलं. चिरंजीव म्हणाले, "मीच बसवतो. दोन वायरी तर जोडायच्यात. मोबाईलवर बघून ठेवलंय."

आमची सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "घर जुनं आहे. वायरमनला बोलाव."

"आई, मी इंजिनियर आहे."

"कॉम्प्युटरचा आहेस. भिंतीचा नाहीस."

वायरमन आला. पन्नाशीचा, आमच्याच भागातला. त्याच्या वडिलांनी १९६८ साली आमच्या घरात पहिल्यांदा वीज आणली, तेव्हापासूनचा घरोबा. त्या वेळी लाकडी पट्टीवर क्लिपा मारून वायर ओढलेली. काळी गोल बटणं, चिनी मातीचे फ्यूज. सोप्यात चाळीसचा एक बल्ब, माजघरात एक, देवघरात झिरोचा. एक पंखा आणि रेडिओ. आमच्या वडिलांनी पहिल्या दिवशी बटण दाबलं तेव्हा आईनं दिव्याला हात जोडले होते, हे मला लख्ख आठवतं.

वायरमननं मेन स्वीच बंद केला, माजघरातल्या बोर्डाचे स्क्रू काढले आणि सॉकेट ओढून बाहेर घेतलं. मी बॅटरी धरून उभा. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "काका, ह्यात अर्थिंगच नाही की ओ."

मी वाकून पाहिलं. सॉकेटच्या पाठीला तीन स्क्रू होते. दोघांत वायरी, तिसरा कोरा. इतका कोरा की त्याची पितळ अजून दुकानातून आणल्यासारखी चमकत होती.

"म्हणजे ही वायर सुटलीय?"

"सुटायला असायला पाहिजे ना? आलीच नाही इथपर्यंत. बाबांनी दोन वायरींचं काम केलेलं. त्या वेळी बल्बाला अर्थिंग कोण मागत होतं? पुढं तुम्ही मिक्सर आणला, फ्रीज आणला, तेव्हा थ्री पिनचं सॉकेट बसवलं. सॉकेट तीन भोकांचं, वायर दोनच."

चिरंजीव म्हणाले, "पण यूएसबीला अर्थिंग लागतच नाही ना?"

"नाही लागत," वायरमन म्हणाला. "फेज न न्यूट्रल दोनच लागतात. तुमचा पॉइंट मी पंधरा मिनिटांत बसवून देतो. चालेल." आणि मग त्यानं विचारलं, "फ्रीज कुठं आहे?"

त्यानं मेन स्वीच पुन्हा चालू केला आणि आम्ही सगळे वरातीसारखे त्याच्यामागून स्वयंपाकघरात गेलो. त्यानं पिशवीतून होल्डरला दोन वायरी जोडलेला एक बल्ब काढला. फ्रीजची पीन काढून सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत त्या वायरींची टोकं धरली. बल्ब लख्ख पेटला. मग एक टोक फेजवर ठेवून दुसरं वरच्या मोठ्या भोकात धरलं. काही नाही. "टेस्टर हे सांगत नाही. बल्ब सांगतो," तो म्हणाला. फ्रीजची पीन परत लावली आणि टेस्टर दाराच्या वरच्या बिजागरीच्या स्क्रूला टेकवला. आतला लाल ठिपका मंद पेटला.

मग त्यानं खाली पाहिलं. "काकू, हा पाट इथं कशाला ठेवलाय?"

वाचकहो, इथं मला जरा मागं जायला हवं.

आमच्याकडं पहिला फ्रीज आला १९८६ साली. त्याला निकेलचं हँडल होतं. आठ दिवसांत आई म्हणायला लागली, "हा फ्रीज मुंग्या काढतो." आम्ही सगळ्यांनी हात लावून पाहिला. आम्ही चपला घालून वावरणारे, काहीच लागलं नाही. आई अनवाणी, सकाळी आंघोळ करून ओल्या पायानं स्वयंपाकघरात शिरणारी. ती हँडल धरताना हातावर पदर घ्यायची. आम्हाला वाटलं, सोवळं. फ्रीजमध्ये कुणी काय ठेवलं असेल म्हणून शिवायचं नसेल. पुढं तिनं देवघराजवळचा एक जुना सागवानी पाट आणून फ्रीजपुढं ठेवला आणि त्यावर उभी राहून ती दार उघडायला लागली. त्यावर आम्ही केवढे हसलो! फ्रीजला पाट मांडलाय, आता रांगोळी काढा, नैवेद्य दाखवा. आल्यागेल्याला मी ती गंमत रंगवून सांगायचो. बँकेतल्या मित्रांनाही सांगितली होती. आईही हसायची. पाट मात्र तिनं हलवला नाही.

फ्रीजवाल्या मेकॅनिकला एकदा बोलावलं होतं. त्यानं मागं हात घालून पाहिलं आणि म्हणाला, "फ्रीज चांगला आहे. पावसाळी हवा आहे, ओल असते. चपला घालून उघडत जा." आपल्या बेळगावच्या पावसावर काहीही ढकललं तरी खपतं.

आई २०११ साली गेली. त्याआधी दोन वर्षं फ्रीज बदलला होता. नव्याचं हँडल प्लास्टिकचं. तरी सौ. म्हणायची, "दाराच्या कडेला हात लागला की झिणझिणतं." मी म्हणायचो, "तुला सासूबाईंची सवय लागली." पाटही तिथंच राहिला. फरशी पुसताना उचलायचा, पुसून झालं की परत ठेवायचा. एवढं डोळ्यांसमोर असून एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, की फ्रीज बदलला तरी मुंग्या तशाच आहेत, तर खोट फ्रीजमध्ये नसून भिंतीत असली पाहिजे. चाळीस वर्षं बँकेत लोकांचे हिशेब तपासले, आणि घरच्या दोन बायकांनी दिलेली तक्रार एकदाही तपासली नाही.

वायरमनच्या प्रश्नाला सौ.नं शांतपणे उत्तर दिलं. "सासूबाईंनी ठेवला होता. पाटावर उभं राहिलं की लागत नाही."

वायरमन मान हलवून म्हणाला, "आजींनी बरोबर केलं होतं. लाकडातनं करंट जात नाही. पण हा पाट फक्त उभं राहणाऱ्याला वाचवणार. शेजारी कोण हात लावलं तर?"

मग त्यानं चहा घेता घेता जे समजावून सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण आपल्या भागातल्या जुन्या घरांत माझ्यासारखे पुष्कळ असतील.

वीज फेजच्या वायरीतून येते, यंत्रात काम करते आणि न्यूट्रलमधून परत जाते. सगळं नीट असेल तर तिसऱ्या वायरीला काही काम नसतं. पण फ्रीज, मिक्सर, हीटर, इस्त्री यांचं अंग धातूचं असतं. आतल्या वायरीवरचं आवरण जुनं झालं, ओल आली, की थोडी वीज त्या धातूवर उतरते. तिला जमिनीत जायला सोपी वाट हवी असते. अर्थिंगची वायर म्हणजे ती वाट. ती नसेल तर वीज धातूवर तशीच थांबते आणि जो कोणी ओल्या पायानं हात लावेल त्याच्या अंगातून जमिनीत जाते. म्हणून तर थ्री पिनमध्ये अर्थिंगची पीन इतर दोघींहून लांब आणि जाड केलेली असते. ६ अँपिअरच्या साध्या प्लगात ती सुमारे ७ मिलिमीटर जाड, बाकीच्या दोन ५ मिलिमीटर. लांब अशासाठी की प्लग घालताना ती आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी. जाड अशासाठी की चुकूनही ती विजेच्या भोकात जाऊ नये. इतका विचार करून केलेल्या जागेत आम्ही उदबत्तीची काडी घालत होतो.

आणि मुंग्या म्हणजे किती वीज? माणसाला साधारण १ मिलिअँपिअरच्या आसपास झिणझिण्या जाणवायला लागतात. १० च्या पुढं गेलं की हाताची मूठ आवळते आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या वर हृदयाला धोका. मोबाईल चार्ज होताना २००० मिलिअँपिअर वाहत असतात, पण ते ५ व्होल्टवर. एवढा कमी दाब कोरड्या हाताच्या कातडीतून वीज ढकलूच शकत नाही. भिंतीतल्या २३० व्होल्टला मात्र ते सहज जमतं. "आपल्याकडं फ्यूज आहे की," असं मी म्हणालो. त्यावर वायरमन हसला. फ्यूज उडायला कित्येक अँपिअर लागतात. माणूस त्याच्या शंभराव्या भागात जातो. फ्यूज असतो तो वायर जळू नये म्हणून.

चहा संपला आणि घरात खरा प्रश्न उभा राहिला. चिरंजिवांना तीन दिवसांनी परत जायचं होतं. ते म्हणाले, "आत्ता यूएसबीचं उरकू. वायरिंगचं पावसाळ्यानंतर बघू. सगळं घर उपसावं लागेल." खरं सांगतो, मलाही तेच बरं वाटलं होतं. साठ वर्षं होत आली, काही झालं नाही, चार महिन्यांत काय होतंय? मी तसं बोलणारही होतो.

सौ. म्हणाली, "तो पॉइंट नंतर. आधी फ्रीज." आवाज चढवला नाही. फक्त पाट उचलून तिनं भिंतीला उभा करून ठेवला आणि फ्रीजची पीन काढली. आतलं दूध, लोणी, कैरीचं पन्हं, सगळं शेजारणीच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवलं. त्यावर कुणाला काही बोलायला जागाच राहिली नाही.

काम तीन दिवस चाललं. परसात, कपडे धुतलेलं पाणी जिथं जातं त्या बाजूला, आठेक फूट खोल खड्डा खणला. आमची लाल माती, वरून भुसभुशीत दिसली तरी खाली कठीण. तिच्यात लोखंडी जस्ताळलेला पाइप उभा करून भोवती लोणारी कोळसा आणि मीठ यांचे थर दिले. कोळसा आणि मीठ ओल धरून ठेवतात, आणि ओली जमीन वीज लवकर गिळते. पाइपाच्या तोंडाला नरसाळं, उन्हाळ्यात त्यातून पाणी घालायचं. खड्ड्याला मीठ घालताना नातवानं विचारलं, "आजी, हे लोणचं घालतायत का?" तिथून हिरवी वायर मेन बोर्डापर्यंत आणि पुढं प्रत्येक पॉइंटपर्यंत. आमच्या भिंती दगडमातीच्या, दोन-दोन फूट जाड. त्यांना झिरी मारायची म्हणजे भिंतच ढासळायची. म्हणून पांढऱ्या पीव्हीसी पट्टीतून वायर बाहेरूनच नेली. दिसायला फार सुरेख नाही, पण काही बिघडलं तर उघडून बघता येते.

मेन बोर्डात चिनी मातीचे फ्यूज जाऊन नवी बटणं आली आणि त्यांत एक आरसीसीबी नावाचं उपकरण. त्याचं काम एवढंच, की फेजनं गेलेली वीज आणि न्यूट्रलनं परत आलेली वीज सतत ताडून बघायची. बँकेतल्या जमाखर्चासारखं. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात सगळी लाईट बंद. म्हणजे कुठून तरी वीज गळतेय, कदाचित कुणाच्या अंगातून. हे मला फार आवडलं. असा कारकून आमच्या शाखेत हवा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं जोडून झालं. सूनबाईंनी नातवाच्या आंघोळीसाठी बादलीत हीटर सोडला, बटण दाबलं आणि घरातली लाईट गेली. वायरमननं पुन्हा चालू केलं, पुन्हा गेली. तिसऱ्यांदाही तेच. मला वाटलं, आरसीसीबी बिघडलेला दिला. वायरमननं हीटरची पीन काढली, लाईट टिकली. हीटर लावला, गेली. त्यानं तो हीटर उचलून पाहिला. वरून झकास दिसत होता. वळणाच्या आत, पांढऱ्या क्षाराखाली, केसाएवढी एक भेग होती.

तो हीटर आम्ही चार वर्षं वापरत होतो. आधीचे पाच दिवस नातवाचं पाणी त्याच्यावरच तापलं होतं. "बटण बंद करून मगच पाण्यात हात घालायचा," हा आमच्या घरचा नियम आईनं घातलेला, तेवढाच आमच्या आणि त्या भेगेच्या मध्ये होता. प्लास्टिकच्या बादलीतून वीज जमिनीत जाऊ शकत नव्हती. ती कुणाच्या तरी हाताची वाट बघत पाण्यात थांबलेली. चिरंजीव बराच वेळ त्या बादलीकडं पाहत उभे राहिले. मग आत जाऊन आईला म्हणाले, "बरं झालं, तू ऐकलं नाहीस." त्या दिवशी चुलीवर पाणी तापलं.

संध्याकाळी सगळ्यांत शेवटी माजघरात ते यूएसबीचं सॉकेट बसलं. वायरमन म्हणाला होता तशी पंधराच मिनिटं लागली. १२०० रुपयांच्या पॉइंटापायी एकूण खर्च २६००० वर गेला, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

आता ज्यांना असा पॉइंट बसवायचा असेल त्यांच्यासाठी शिकलेल्या दोन-चार गोष्टी. भिंतीतला चार्जर म्हणजे चार्जर नाहीसा होत नाही, तो भिंतीच्या आत जातो. २३० व्होल्टची वीज ५ व्होल्टवर आणणारं इलेक्ट्रॉनिक्स आत असतं, ते थोडं तापतं आणि मोबाईल लावलेला नसला तरी थोडी वीज खात राहतं. म्हणून त्याला स्वतंत्र बटण असावं आणि रात्री ते बंद करावं. त्याला खोली जास्त लागते. जुन्या उथळ लाकडी बोर्डात ते कोंबू नये, नवा खोल डबा बसवून घ्यावा. साधं सॉकेट वीस-पंचवीस वर्षं टिकतं, आतलं इलेक्ट्रॉनिक्स तेवढं टिकेलच असं नाही. तेव्हा यूएसबीचा तुकडा तेवढाच वेगळा काढून बदलता येईल असं घ्यावं, आणि आता घ्यायचंच तर त्यात टाइप-सीची खाच असावी. मागं किती अँपिअर किंवा किती वॅट लिहिलंय ते वाचावं. दोन खाचा मिळून २.१ अँपिअर लिहिलं असेल तर दोन मोबाईल लावल्यावर ते वाटून मिळणार, म्हणजे दोन्ही हळू. लॅपटॉपला असला साधा पॉइंट पुरत नाही, त्याचा चार्जर वेगळाच ठेवावा. मोरीजवळ, न्हाणीजवळ, गॅसच्या शेजारी हा पॉइंट नको. सॉकेटवर आयएसआयची खूण बघावी. आणि स्क्रू घट्ट आवळलेत ना, हे वायरमनला दोनदा विचारावं, कारण ढिल्या वायरीच तापतात आणि जळतात.

पण हे सगळं नंतरचं. वायरमन बोर्ड उघडेल तेव्हा त्याला आधी तिसरी वायर दाखवायला सांगा. "आहे" म्हणाला तर बल्ब लावून दाखवायला सांगा. कारण काही ठिकाणी हिरवी वायर सॉकेटपर्यंत असते, पण दुसऱ्या टोकाला कशालाच जोडलेली नसते. काही ठिकाणी काम उरकायला सॉकेटच्या आतच अर्थिंगचा स्क्रू न्यूट्रलला जोडून ठेवतात. ते तर नसण्याहून वाईट. न्यूट्रल कुठं तुटली की फ्रीजच्या अंगावर सबंध २३० व्होल्ट येतात. नव्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. आणि ही तपासणी स्वतः करू नये, जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावी.

मला राहून राहून वाटतं, आमच्या घरानं गेल्या साठ वर्षांत भिंतीचा चेहरा चारदा बदलला. काळं गोल बटण गेलं, पांढरं आलं. दोन भोकांचं सॉकेट जाऊन तीन भोकांचं आलं, त्याला झडप आली, आता यूएसबी आली. प्रत्येक वेळी आम्ही कौतुकानं पुढून बघितलं. मागं काय आहे हे कुणी पाहिलं नाही. गंमत अशी, की ज्या वस्तूला तिसऱ्या वायरीची गरजच नव्हती, तिच्या निमित्तानं तिसरी वायर आली. ज्यांना ती हवी होती त्यांच्या अंगाला मुंग्या येत होत्या आणि त्या तोंडानं सांगतही होत्या.

मंडळी पुण्याला गेली त्या संध्याकाळी सौ. फरशी पुसत होती. पुसून झाल्यावर ओल्या पायानं ती फ्रीजपाशी गेली आणि वरच्या बिजागरीवर सबंध तळहात ठेवला. मी दारात उभा होतो.

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली. हात काढला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "सासूबाईंना पंचवीस वर्षं लागत होतं हो."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पाट परत फ्रीजपुढं. मी म्हटलं, "अगं, आता कशाला?"

"राहू दे," ती म्हणाली. "वरच्या फळीवरचा डबा काढायला बरा पडतो."